चिनी चित्रातली बाई कोणत्या काळातली? गळा, कंबर आणि डोकं पाहून ओळखायचं कसं

चिनी चित्रातली बाई समोर आली की आपण आधी तिचा चेहरा बघतो, आणि तिथेच गाडी अडते. जुन्या चिनी चित्रकारांनी बायकांचे चेहरे बऱ्याचदा साच्यातून काढल्यासारखे रंगवले आहेत. पिठासारखा पांढरा रंग, इवलेसे ओठ, निर्विकार नजर. दहा जणी शेजारी उभ्या केल्या तरी कोण कुठली ते कळत नाही. पण हेच चित्रकार बाईच्या ओढणीची घडी, केसातली पिन, टोपीवरच्या मोत्यांच्या सरी मात्र सोनाराच्या नजरेने रंगवतात. म्हणून चेहरा सोडा. गळा बघा, कंबर बघा, मग डोक्याकडे जा.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. चिनी भाषा यायची गरज नाही. फक्त पाच राजवटी क्रमाने लक्षात ठेवा: तांग (६१८–९०७), सोंग (९६०–१२७९), युआन म्हणजे मंगोलांची (१२७१–१३६८), मिंग (१३६८–१६४४) आणि चिंग म्हणजे मांचूंची (१६४४–१९१२). यातल्या दोन राजवटी बाहेरून आलेल्यांच्या होत्या हे विसरू नका. कपड्यांची अर्धी गोष्ट तिथेच आहे.

पहिली पायरी: गळा

चीनमधला बहुसंख्य समाज म्हणजे हान. त्यांच्या जुन्या पोशाखात सदरा समोरून एकावर एक येतो, आपल्या बाराबंदीसारखा. डावा पदर उजव्या पदरावर टाकून उजव्या कुशीत बांधायचा. बघणाऱ्याला गळ्याशी इंग्रजी लहान 'वाय' अक्षर दिसतं. हा 'वाय' दिसला की पोशाख हान पद्धतीचा, एवढं तूर्त धरून चालायला हरकत नाही.

कपडा कुठल्या बाजूला बांधायचा यावर तिथे संस्कृतीची ओळख टांगलेली होती. क्वान चुंग नावाचा मुत्सद्दी नसता तर आपण केस मोकळे सोडून डावीकडे कपडा बांधत बसलो असतो, अशा अर्थाचं कन्फ्यूशियस बोलून गेला आहे. म्हणजे रानटी झालो असतो. मृताला मात्र उलट बाजूने कपडा घालायची रीत होती. मुघल लघुचित्रं बघणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही जाम्याचे बंद डाव्या बाजूला असतील तर माणूस हिंदू आणि उजव्या बाजूला असतील तर मुसलमान, असा ढोबळ नियम अभ्यासक वापरतात.

इथला सापळा आधीच सांगतो, कारण मी त्यात पडलो आहे. इंटरनेटवर फिरणारी चित्रं कधीकधी आरशासारखी उलटी झालेली असतात. अशाच एका चित्रावरून 'ही परकी जमातीतली बाई' असा निष्कर्ष काढून मी दोन मित्रांना ऐकवलाही होता. नंतर लक्षात आलं की कोपऱ्यातला लाल शिक्काच उलटा होता. तेव्हा शिक्का किंवा लिखाण असेल तर मूळ संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच्या प्रतीशी ताडून बघा, मगच गळ्याकडे वळा.

गळ्याचे आणखी तीन प्रकार ओळखू यायला हवेत. एक, दोन्ही पदर एकमेकांवर न येता समोर सरळ खाली उतरलेले, मध्ये फट, आतलं वस्त्र दिसतंय. हा 'पेईत्झ' नावाचा लांब अंगरखा, सोंग काळाची खूणच म्हणा. फूच्यौ शहरात १९७५ मध्ये ह्वांग शंग नावाच्या तरुण विवाहितेची कबर सापडली. ती १२४३ मध्ये गेली, वय अवघं सतरा. तिच्यासोबत पुरलेल्या शेकडो वस्त्रांत असे तलम अंगरखे आहेत, त्यामुळे चित्रकारांनी हे मनाने रंगवलेलं नाही याची खात्री पटते. दुसरा, उभी कॉलर आणि तिला धातूची बटणं: मिंग काळाचा उत्तरार्ध. तिसरा, गोल गळा आणि तिथून उजव्या काखेकडे वळत गेलेली बटणांची ओळ: बहुधा चिंग. पण तांग काळातल्या बायका हौसेने पुरुषांचे गोल गळ्याचे झगे घालून घोड्यावर बसत, हे ध्यानात असू द्या. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

दुसरी पायरी: कंबर

घागरा कुठे बांधलाय ते बघा. तो थेट छातीवर, काखेखाली बांधला असेल आणि खांद्यावरून ओढणीसारखी लांब पट्टी ओघळत असेल, तर मन लगेच तांगकडे वळायला हवं. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात एक गुंडाळीचित्र आहे. नव्याने विणलेलं रेशीम तयार करणाऱ्या दरबारातल्या बायका त्यात दिसतात. मूळ चित्र आठव्या शतकातल्या चांग श्वानचं, हातात असलेली प्रत बाराव्या शतकातली. मुसळासारख्या दांड्यांनी रेशीम कुटणाऱ्या बायका, शिवणारी, आणि शेवटी कोळशाच्या तव्याने कापडाला इस्त्री करणाऱ्या. ताणलेल्या कापडाखाली एक छोटी मुलगी वाकून खेळते आहे. कामात गुंतलेल्या या बायकांचे घागरे बघा, सगळे उंच बांधलेले. नवख्याने सराव करायला यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही, कारण बायका वळलेल्या, वाकलेल्या, पाठमोऱ्या अशा सगळ्या बाजूंनी दिसतात.

सोंग काळात सगळं अरुंद होतं, बाईची आकृती उभट दिसू लागते. मिंगमध्ये वरचा सदरा लांब होत जातो आणि खाली 'माम्येन' घागरा येतो. पुढे आणि मागे सपाट पट्टा, दोन्ही कुशींना चुण्या. समोरचा सपाट पट्टा दिसला की ओळख पटली. हा घागरा चिंग काळातही हान बायका वापरत राहिल्या.

कंबरच दिसत नाही, खांद्यापासून पायापर्यंत एकच झगा आहे, बाहीचं टोक घोड्याच्या खुरासारखं आहे? मग ती मांचू पोशाखातली बाई. मांचूंनी १६४५ मध्ये हान पुरुषांना डोकं पुढून भादरून वेणी ठेवायची सक्ती केली. बायकांवर तशी सक्ती टिकली नाही. त्यामुळे चिंग काळाच्या अडीचशे वर्षांत दोन पोशाख शेजारी नांदताना दिसतात: हान बायकांचा सदरा-घागरा आणि मांचू बायकांचा सलग झगा. शंका आली तर पायांकडे बघा. घागऱ्याखालून टोकदार इवलासा जोडा डोकावत असेल तर बांधलेल्या पावलांची हान बाई, आणि मधोमध उंच ठोकळा असलेला जोडा असेल तर मांचू.

तिसरी पायरी: डोकं

खरी मजा इथे आहे, त्यामुळे जरा बसकण मारू.

आधी साधे दागिने. एका दांडीची पिन आणि दोन दांड्यांचा आकडा, हे दोन मूळ प्रकार. पिनेच्या टोकाला चालताना डुलणाऱ्या सरी लावल्या की तिला चिनी नावच आहे 'पुयाओ', म्हणजे पावलागणिक हलणारी. मुलगी पंधरा वर्षांची झाली की केस वर बांधून पिन खोचायचा संस्कार होई. चित्रातल्या मुलीचे केस दोन बाजूंना गुंडाळले असतील किंवा सुटे असतील तर ती लहान आहे किंवा दासी आहे, असा अंदाज करता येतो. राखडी, मूद, केवडा माहीत असलेल्या मराठी माणसाला हे जग परकं वाटू नये.

तांगमध्ये अंबाडा हळूहळू चढत जातो आणि त्यात गंगावण सर्रास मिसळलेलं असे. शनयांगच्या ल्याओनिंग प्रांतिक संग्रहालयातलं, चौ फांगच्या नावावर असलेलं केसात फुलं माळलेल्या बायकांचं चित्र शोधा. डोंगरासारखा अंबाडा, त्यावर ताटाएवढं एक फूल, आणि भुवया काढून टाकून वर कपाळावर पतंगाच्या पंखांसारखे दोन आखूड फटकारे. अंगावरचं वस्त्र इतकं झिरझिरीत की दंड आरपार दिसतो. हे चित्र तांगचं की त्यानंतरचं यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि त्या वादात अंबाड्याची उंची हा एक मुद्दा आहे. केसांवरून चित्राचं वय ठरवतात ते असं.

वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या मोकाव या बौद्ध लेण्यांत देणगीदार बायकांच्या रांगा रंगवल्या आहेत. अजिंठा पाहिलेल्यांना भिंतीवर चित्रं वाचायची सवय असेलच. १३० क्रमांकाच्या लेण्यातल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीचं चित्र खूप झिजलं आहे. आपण पुस्तकांत बघतो ती स्वच्छ आवृत्ती तुआन वनच्ये यांनी १९५५ मध्ये केलेली अभ्यासपूर्ण प्रत आहे. ९८ क्रमांकाच्या लेण्यात खोतानच्या राजाची राणी आहे. तिच्या मुकुटावर आणि गळ्यात हिरव्या रत्नांची नुसती दाटी. खोतान जेडसाठी प्रसिद्ध होतं, तेव्हा राणीने माहेरच्या नव्हे, सासरच्या श्रीमंतीचं दर्शन घडवलं आहे.

सोंग काळासाठी एकच चित्र नीट बघितलं तरी पुरे: सम्राट रेनत्सुंगची पत्नी, सम्राज्ञी त्साओ. ते तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. सम्राज्ञीच्या अंगावर गडद निळा झगा आणि त्यावर जोडीजोडीने विणलेले रानकोंबड्यासारखे पक्षी. आपल्या मनात समारंभ म्हणजे लाल किंवा पिवळा असतो, म्हणून नवखे लोक हा निळा झगा 'साधा' समजतात. तो तिच्या सर्वोच्च समारंभाचा पोशाख आहे. डोक्यावर ड्रॅगन आणि फुलांनी खच्चून भरलेला मुकुट, कानांमागून खाली झुकलेले पंखासारखे पट्टे, आणि चेहऱ्यावर कपाळाशी, कानशिलाशी चिकटवलेले मोती. पण माझी नजर दर वेळी दोन्ही बाजूंच्या दासींकडे जाते. एकीच्या हातात फडकं, दुसरीच्या हातात पिकदाणी, आणि डोक्यांवर वर्षातल्या सगळ्या ऋतूंची फुलं एकत्र गुंफलेल्या टोप्या. या फॅशनला नावच होतं 'एका वर्षाचा देखावा'. सम्राज्ञी कायद्याने ठरलेलं घालून ताठ बसली आहे, आणि हौस दासींच्या वाट्याला आली आहे.

युआन काळाची खूण दुरूनही चुकत नाही. डोक्यावर सरळ उभा, वर रुंद होत जाणारा खांब. भूर्जाच्या सालीचा सांगाडा, वरून रेशीम, त्यावर मोती. मंगोल विवाहित खानदानी बायकांची ही 'कूकू' टोपी. तेराव्या शतकात मंगोलांकडे गेलेला विल्यम ऑफ रुब्रुक लिहितो की अशा बायका घोड्यांवरून चालल्या की लांबून शिरस्त्राण घातलेले, भाले उभे धरलेले सैनिकच वाटतात. कुब्लाई खानाची पत्नी चाबी हिचं तैपेईतलं चित्र बघा. काही अभ्यासक त्याचं श्रेय नेपाळचा कलाकार अरनिको याला देतात. हीच टोपी इराणमधल्या मंगोल काळातल्या चित्रांतही भेटते, तेव्हा तिथे 'चिनी राणी' असं लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे चला.

मिंग म्हणजे 'फंगक्वान', फीनिक्स पक्ष्यांचा मुकुट. बीजिंगजवळ सम्राट वानलीची कबर १९५६ ते १९५८ या काळात उघडली तेव्हा त्याच्या दोन सम्राज्ञींचे मिळून चार मुकुट निघाले. बारा ड्रॅगन-नऊ फीनिक्स, नऊ-नऊ, सहा-तीन आणि तीन-दोन. नऊ-नऊचा मुकुट बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. साडेतीन हजारांवर मोती, शंभरांवर रत्नं, वजन दोन किलोंहून जास्त. मान ताठ ठेवण्यावाचून तिला पर्यायच नव्हता. चित्रात असा मुकुट बघताना ड्रॅगन आणि पक्षी मोजायची सवय लावा. चोचीतून सुटणाऱ्या मोत्यांच्या सरी खांद्यापर्यंत येतात. पुढे साध्या घरातल्या नववधूलाही लग्नापुरता फंगक्वान घालायची मुभा प्रथेने मिळाली. तिच्या मुकुटाच्या सरी चेहऱ्यावर येतात, मुंडावळ्यांची आठवण करून देत.

या मुकुटांवरचा निळा रंग काय आहे? नवखे लोक मीनाकारी म्हणतात. ती पिसं असतात, खंड्या पक्ष्याची. पिसाचे बारीक तुकडे कापून सोनेरी चौकटीत सरसाने चिकटवायचे. या निळाईत रंगद्रव्य नसतं. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उजेड परततो तोच निळा दिसतो, म्हणून शेकडो वर्षांनंतरही ती रंगवलेल्या कापडासारखी विटत नाही. आपल्या विहिरीच्या काठावर बसणाऱ्या खंड्याच्या जातभाईंनी यापायी किती जीव गमावले असतील, हा विचार मला तरी टाळता येत नाही. आता चिनी ऑपेराच्या दागिन्यांत रंगवलेली हंसाची पिसं किंवा रेशमी फीत वापरतात.

चिंग सम्राज्ञीची समारंभी टोपी मुकुटापेक्षा टोपीच जास्त: कडेला गडद फर, वर लाल रेशमी धाग्यांचा डेरा, त्यावर सात सोनेरी फीनिक्स, आणि शेंड्यावर तीन मजली मोत्यांचा कळस. सोबत तीन गोष्टी तपासा. प्रत्येक कानात तीन-तीन डूल आहेत का? मांचू रीत. १०८ मण्यांच्या माळा आहेत का, आणि किती? सम्राज्ञीच्या समारंभी पोशाखात तीन असतात, एक सरळ, दोन तिरक्या. कपाळावर सोन्याचा पट्टा आहे का? हे सगळं जुळलं तर ती राजघराण्यातली बाई पूर्ण समारंभी वेशात आहे.

मालिकांत मांचू राण्यांच्या डोक्यावर दिसते ती काळी आडवी फळी, फुलांनी सजलेली, ती मात्र समारंभाची टोपी नव्हे. तो रोजच्या नटण्याचा प्रकार, आणि तो भव्य फळीचा आकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. राजमाता त्सशीच्या १९०३-०४ च्या छायाचित्रांत तो नीट दिसतो. अठराव्या शतकातल्या राणीला ती फळी घातलेलं चित्र दिसलं तर चित्र अलीकडचं आहे.

चौथी पायरी: छातीवरचा चौकोन

इथे फार वेळ लागत नाही. छातीवर विणलेला चौकोन असेल तर बाई अधिकाऱ्याची पत्नी. आत पक्षी असेल तर नवरा मुलकी, चतुष्पाद असेल तर लष्करी. ही पद्धत मिंग काळात १३९१ मध्ये ठरली आणि चिंगमध्ये चालू राहिली. चिंगच्या यादीत करकोचा सर्वांत वरचा, मोर तिसरा, लावा आठवा. नवरा-बायको शेजारी बसले की दोघांचे पक्षी एकमेकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे सुटं पडलेलं चित्रही मूळ जोडीतलं कुठल्या बाजूचं ते कळू शकतं. खांद्यांवरून उतरणारी 'श्यापेई' मिंगमध्ये दोन अरुंद पट्ट्यांची आणि टोकाला लोलक असलेली असते. चिंगमध्ये तिचं रुंद बिनबाह्यांचं जाकीट होतं आणि खाली गोंडे येतात. एवढ्या एका फरकावरून कित्येक चित्रांच्या चुकीच्या पाट्या दुरुस्त करता येतात.

पिवळ्याबद्दल सावध राहा. चिंग दरबारात झळझळीत पिवळा सम्राट, राजमाता, सम्राज्ञी आणि सर्वांत वरच्या दर्जाच्या राणीपुरता राखीव. त्याखालच्यांना सोनेरी पिवळा, आणखी खाली हिरवट झाक असलेला. पडद्यावर या छटांवर विश्वास ठेवू नका, जुनं रेशीमही काळवंडतं.

पाचवी पायरी: कपड्याचं वय आणि चित्राचं वय

आतापर्यंतचं सगळं शिकून झालं की माणूस आत्मविश्वासाने चुकायला लागतो. कारण चित्रकार इतिहासही रंगवतात. छ्यौ यिंग हा सोळाव्या शतकातला मिंग चित्रकार. त्याचं हान राजवाड्यातल्या (इथे हान म्हणजे समाज नव्हे, तांगच्याही आधीची राजवट) वसंताच्या सकाळचं गुंडाळीचित्र पावणेसहा मीटर लांब आहे. विषय दोन हजार वर्षांपूर्वीचा, बायकांचे घागरे तांगसारखे उंच, आणि एकूण नजाकत मिंगची. हान काळाचा पोशाख यात शोधायला जाऊ नका.

त्याहून गमतीचा प्रकार बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातला. सम्राट होण्याआधी राजपुत्र यिनचनसाठी केलेली बारा सुंदरींची बारा चित्रं, जवळजवळ माणसाएवढी. मांचू राजपुत्राच्या घरातली चित्रं, आणि बाराही जणी हान पोशाखात! मांचू बायकांनी हान कपडे घालण्यावर दरबाराची बंदी होती. जे अंगावर चालत नव्हतं ते भिंतीवर चालत होतं.

पूर्वजांची चित्रं हा तिसरा फसवा प्रांत. समोर बघणारी, खुर्चीत ताठ बसलेली आजी. कारागीर चेहरा घरच्यांना विचारून काढत, कपडे ठरलेल्या नमुन्यावरून. विसाव्या शतकात परदेशी गिऱ्हाइकांसाठी अशी चित्रं नव्याने बनवलीही गेली. पोशाखाच्या खुणा एकमेकींशी भांडत असतील, म्हणजे चौकोन एका दर्जाचा आणि टोपी भलत्याच दर्जाची, तर विकत घेण्याआधी थांबा.

सराव कुठे करायचा

क्लीव्हलँड कला संग्रहालयातलं १७३६ चं गुंडाळीचित्र फुकट, मोठ्या आकारात बघता येतं. सम्राट छ्यनलुंग, सम्राज्ञी आणि अकरा राण्या, सुरुवातीचे चेहरे इटालियन जेझुइट चित्रकार ज्युझेप्पे कास्तिल्योनेच्या हातचे. चेहऱ्यांत खरा फरक दिसतो असं हे दुर्मीळ चित्र, तरी शिस्तीने आधी टोप्याच बघा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि तैपेईचं संग्रहालयही प्रतिमा खुल्या ठेवतात.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू आहेत. आणि एखाद्या पारशी मैत्रिणीच्या आजीचा गारा बघायला मिळाला तर सोडू नका. कॅन्टनहून भरतकाम होऊन मुंबईत आलेल्या या साड्यांवर 'चीना-चीनी' नावाची नक्षी असते, पॅगोडाजवळची छोटी छोटी माणसं. त्यातली अंगठ्याएवढी बाई शोधा, आणि तिने घागरा घातलाय की सलग झगा ते बघा.